‘मामा’ एकच, अर्थ मात्र देशोदेशी वेगळा! चाकणचा मामा जर्मनीत आई कसा झाला?

चाकण : कंपनीच्या गेटवरचा वॉचमन मामा, बसचा ड्रायव्हर मामा, कँटीनमध्ये पोळ्या वाढणारा मामा, आणि चौकात हेल्मेट नसलं की पावती फाडणारा तोही मामाच. चाकण, तळेगाव, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात दिवसभरात सगळ्यात जास्त कोणती हाक ऐकू येत असेल, तर ती ‘ओ मामा’ हीच.

पण याच पट्ट्यात आता जगभरची माणसं कामाला येतात. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्या आहेत, ब्रिजस्टोन ही जपानी टायर कंपनी आहे. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता, तो कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. शिरूर तालुक्यात रांजणगावला कोरियाची एलजी आणि चीनची हायर आहे. या पाहुण्यांच्या कानावर आपली ‘मामा’ ही हाक पडते तेव्हा त्यांना काय वाटत असेल?

जर्मन माणसाला वाटेल, हा मिशीवाल्या वॉचमनला ‘आई’ का म्हणतोय? चिनी माणसालाही तेच वाटेल. कोरियन माणसाला वाटेल, इथं कोणी राजा-राणी आलंय काय? आणि जपानी माणसाला कदाचित ऐकू येईल, ‘आहे तसंच राहू द्या.’

यातलं काहीही गमतीसाठी रचलेलं नाही. हा शब्द जगभर आहे, फक्त त्याचा अर्थ गाव बदलावा तसा बदलतो. असं का होतं, आणि त्यावरून काय समजावं, काय समजू नये, हे पाहण्यासारखं आहे.

कुठं काय अर्थ?

आधी यादीच पाहू.

– मराठीत, हिंदीत, गुजरातीत, बंगालीत मामा म्हणजे आईचा भाऊ. तमिळमध्येही मामा म्हणजे आईचा भाऊच.

– जर्मन, रशियन, स्पॅनिश, इंग्रजी या भाषांत मामा म्हणजे आई.

– चिनी भाषेत मामा म्हणजे आई. पण तिथं सूर फार महत्त्वाचा. नुसता ‘मा’ हा शब्द चार वेगवेगळ्या सुरांत म्हटला की आई, अंबाडीसारखं ताग देणारं झाड, घोडा आणि रागावणं असे चार अर्थ होतात. सूर चुकला की आईचा घोडा झालाच म्हणून समजा.

– आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. शिवाय कुठल्याही मोठ्या बाईला मानानं ‘मामा’ म्हणतात.

– जॉर्जिया नावाचा एक छोटा देश काळ्या समुद्राच्या काठावर आहे. तिथल्या भाषेत मामा म्हणजे चक्क बाप! आणि आईला म्हणतात ‘देदा’.

– ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची पिचंचाचरा नावाची भाषा आहे. तिथंही मामा म्हणजे बाप.

– फिलिपिन्समध्ये अनोळखी पुरुषाला, गाडीच्या ड्रायव्हरला ‘मामा’ अशी हाक मारतात. म्हणजे अगदी आपल्या पीएमटीसारखंच.

– तुर्कस्तानात मामा म्हणजे लहान बाळाचं खाणं.

– जपानीत मामा म्हणजे आई, हा अर्थ अलीकडे युरोपातून आला. पण त्यांचा स्वतःचा जुना ‘मामा’ वेगळाच आहे. ‘सोनो मामा’ म्हणजे ‘आहे तसंच’. मशीनला हात लावू नका, आहे तसं राहू द्या, असं सांगताना जपानी माणूस हाच शब्द वापरतो.

एक शब्द, आणि आई, बाप, आईचा भाऊ, अनोळखी माणूस, बाळाचं खाणं असे इतके अर्थ. आता प्रश्न असा, की हे सगळे शब्द एकाच मूळ शब्दापासून निघाले का?

मूळ आहे बाळाच्या तोंडात

याचं उत्तर शोधायला भाषेच्या पुस्तकाआधी पाळण्यात बघावं लागतं. साधारण सहा-सात महिन्यांचं बाळ बडबड करायला लागतं. त्याला दात नसतात, जीभ नीट वळत नाही. मग त्याला सगळ्यात सोपा आवाज कोणता? ओठ मिटायचे आणि उघडायचे. मिटताना नाकातून आवाज आला तर ‘म’, नाही आला तर ‘प’ किंवा ‘ब’. तोंड उघडलं की ‘आ’. झालं, ‘मामामामा’, ‘पापापापा’, ‘बाबाबाबा’ सुरू.

रोमन याकोबसन हे मॉस्कोत जन्मलेले आणि पुढं अमेरिकेत शिकवणारे मोठे भाषातज्ज्ञ होऊन गेले. त्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात नेमका हाच प्रश्न घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की बाळ अंगावर पीत असतं तेव्हा त्याचं तोंड भरलेलं असतं. त्या वेळी फक्त नाकातून ‘म्म्म्’ असा आवाज निघू शकतो. पुढं भूक लागली, दूध दिसलं, की बाळ तोच आवाज काढतं. मोठी माणसं ऐकतात आणि म्हणतात, ‘बघा, आईला हाक मारतोय!’

म्हणजे शब्द बाळ देतं आणि अर्थ घरची माणसं लावतात. जर्मनीतल्या घरानं अर्थ लावला आई, जॉर्जियातल्या घरानं लावला बाप, आपल्या घरानं लावला आईचा भाऊ.

याला आकड्यांचाही आधार आहे. जॉर्ज मर्डॉक या अमेरिकन अभ्यासकानं जगभरच्या भाषांतून आई आणि बापासाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते. याकोबसननं ते तपासले. आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्दांत म, न असे नाकातले आवाज होते. बापासाठीच्या शब्दांत ते फक्त १५ टक्के होते. म्हणजे ‘म’चा कल आईकडे जास्त आहे, पण तसा नियम नाही. म्हणूनच जॉर्जियाचा बाप ‘मामा’ होऊ शकतो.

आपलं ‘मंमं’ कोरियातही!

आपल्याकडं लेकराला भरवताना आई काय म्हणते? ‘चल, मंमं कर.’ मंमं म्हणजे भात, खाणं. आता गंमत बघा. कोरियात लेकराला भरवताना म्हणतात ‘माम्मा’. जपानमध्ये म्हणतात ‘मान्मा’. तुर्कस्तानात ‘मामा’. चारही ठिकाणी अर्थ एकच, बाळाचं जेवण. यांपैकी कोणी कोणाकडून शब्द उसना आणलेला नाही. भुकेलं लेकरू सगळीकडं सारखंच आवाज काढतं, एवढंच त्याचं कारण.

लॅटिन या युरोपच्या जुन्या भाषेत ‘मामा’ म्हणजे आई आणि स्तनही. त्यावरूनच स्वीडनच्या लिनियसनं १७५८ मध्ये अंगावर दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या गटाला नाव दिलं, ते इंग्रजीत ‘मॅमल’ झालं. शाळेत आपण त्यालाच ‘सस्तन प्राणी’ म्हणतो. गोठ्यातली गाय सुद्धा अशी ‘मामा’च्या गोतावळ्यात येते.

कोरियाची ‘मामा’ आणि आपली ‘देवी’

मोबाईलवर कोरियन मालिका बघणाऱ्या पोरापोरींनी राजवाड्यातल्या गोष्टींत ‘मामा’ हा शब्द ऐकला असेल. तिथं तो राजा, राणी यांना मानानं बोलवायचा शब्द आहे. म्हणजे आपल्या ‘महाराज’, ‘राणीसाहेब’ यासारखा.

पण कोरियन भाषेत ‘मामा’चा दुसरा जुना अर्थ आहे देवीचा रोग. अंगावर फोड येऊन माणसं दगावायची तो रोग. रोगाला राणीचं नाव का? कारण भीती. त्याचं नाव घ्यायचं नाही, मान द्यायचा, म्हणजे तो न रागावता निघून जाईल, अशी समजूत.

हे आपल्याला नवं नाही. आपणही त्या रोगाला ‘देवी’ म्हटलं. ‘देवी आल्या’, ‘देवी काढल्या’ असं जुनी माणसं आजही बोलतात, दंडावरचा वण दाखवतात. हजारो मैलांवरच्या दोन देशांत शब्द वेगळे पण युक्ती तीच. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर केलं. तो लसीनं गेला. मान देऊन गेला नाही, हेही ध्यानात ठेवावं.

आपला मामा आला कुठून?

संस्कृतमध्ये आईच्या भावाला ‘मातुल’ म्हणतात. पण पंचतंत्राच्या गोष्टींत प्राणी एकमेकांना ‘माम’ अशी लाडाची हाक मारतात. म्हणजे पुस्तकी शब्द मातुल, आणि तोंडातला शब्द माम. लोकांनी तोंडातला ठेवला.

मराठीत या शब्दाचा आणखी एक भाऊ आहे, ‘मामंजी’. जुन्या घरांत सून सासऱ्याला मामंजी म्हणायची. आणि सासूला? आत्याबाई. खेड्यात अजूनही काही घरांत म्हणतात. सासरा मामा कसा आणि सासू आत्या कशी? कारण आपल्याकडं मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करायची रीत होती. मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून गेली, तर आत्या हीच सासू. लग्नं पुढं बाहेरही व्हायला लागली, पण हाक तशीच राहिली.

शेजारच्या कन्नडमध्ये तर हे आणखी स्पष्ट आहे. तिथं ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही. ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नात्यागोत्यांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण या दोन रीतींच्या मधला प्रदेश असल्याचं दाखवलं. भाषा उत्तरेच्या कुळातली, पण नात्याच्या बऱ्याच रीती दक्षिणेच्या.

कंपनीत काम करणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडं पोरं सहज चेष्टा करतात, ‘काय, मामाची पोरगी बघितली का?’ पण लाईनवर शेजारी उभा असलेला कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा असेल, तर त्याच्या हिंदू घरात मामाची मुलगी म्हणजे सख्ख्या बहिणीसारखी. शब्द तोच, ‘मामा’. नातंही तेच, आईचा भाऊ. तरीही चेष्टा त्याच्या जिव्हारी लागू शकते. शब्द सारखा असला म्हणजे समजूत सारखी असतेच असं नाही.

सारखा आवाज, म्हणजे नातं नव्हे

व्हॉट्सॲपवर अधूनमधून मेसेज फिरतो, अमुक भाषेत आपल्यासारखा शब्द आहे, म्हणजे ती भाषा आपल्यातूनच निघाली. किंवा आपली त्यांच्यातून निघाली. असा मेसेज पुढं ढकलण्याआधी थोडं थांबावं. दोन भाषांत सारखा शब्द असण्याची साधारण चार कारणं असतात.

पहिलं कारण, वारसा. दोन्ही भाषा एका कुळातल्या. आपलं ‘माता’ आणि जर्मन ‘मुटर’, इंग्रजी ‘मदर’ हे खरे भाऊबंद. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं १७८६ मध्ये कोलकात्यात हे नातं मांडलं आणि पुढं अभ्यासकांनी ते सिद्ध केलं.

दुसरं कारण, उसनवारी. महिन्याच्या सुरुवातीला ज्याची वाट बघतात तो ‘पगार’ पोर्तुगीज आहे. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणं. बांधकामावरचं ‘घमेलं’, कुलपाची ‘चावी’, वड्याबरोबरचा ‘पाव’ हेही तिकडचेच. आपलेही शब्द बाहेर गेले आहेत. मलेशियात तमिळ मुसलमानांच्या हॉटेलांना ‘मामाक’ म्हणतात, तो तमिळ ‘मामा’वरून आलेला मानतात.

तिसरं कारण, बाळाची बडबड. मामा, पापा, बाबा, दादा, नाना हे त्यातले. म्हणूनच यांचे अर्थ इतके फिरतात. आपल्याकडं ‘पापा’ म्हणजे गालाचा मुका, तिकडं बाप. आपला ‘बाबा’ बाप, तर रशियात ‘बाबा’ म्हणजे बाई, म्हातारी. आपला ‘दादा’ मोठा भाऊ, हिंदीत आजोबा. कोरियन लेकरू बापाला ‘आप्पा’ म्हणतं, कन्नड लेकरूही ‘अप्पा’च म्हणतं, आणि आपल्या गावात तर प्रत्येक आळीत एक आप्पा आहेच. पण त्यामुळं कोरियन आणि कन्नड बहिणी होत नाहीत.

चौथं कारण, निव्वळ योगायोग. याचं उत्तम उदाहरण ‘बदनाम’ या एका शब्दात आहे. यातला ‘बद’ फारसी, अर्थ वाईट. इंग्रजी ‘बॅड’चा अर्थही वाईट. आवाज सारखा, अर्थ सारखा, तरी दोघांचा काडीचा संबंध नाही. आणि त्याच शब्दातला ‘नाम’ मात्र इंग्रजी ‘नेम’ आणि जर्मन ‘नामे’ यांचा खरा नातेवाईक आहे. आता जपानी माणसाला विचारा, नावाला काय म्हणतात? तो सांगेल, ‘नामाए’. वाटतं ना, हाही नातेवाईक? पण नाही. जपानी शब्द ‘ना’ आणि ‘माए’ असे दोन तुकडे जोडून झालेला आहे, त्यात नाव हा अर्थ फक्त ‘ना’चा. पुन्हा योगायोग.

मग खरं नातं ओळखायचं कसं?

एका शब्दावरून ओळखायचंच नाही. शेतात एका रोपावर डाग दिसला म्हणून कोणी अख्ख्या प्लॉटवर फवारणी करत नाही. चार सऱ्या फिरून बघतो. भाषेचंही तसंच. एकच बदल ओळीनं अनेक शब्दांत दिसला पाहिजे.

आपल्या ‘प’च्या जागी जर्मन आणि इंग्रजीत ‘फ’ येतो, हे बघा. संस्कृत पितृ, इंग्रजी फादर, जर्मन फाटर. पाद म्हणजे पाय, इंग्रजी फूट, जर्मन फूस. पंच म्हणजे पाच, इंग्रजी फाईव्ह, जर्मन फ्युन्फ. असा नियम जुन्या, रोजच्या शब्दांत सापडला की नातं पक्कं समजायचं. जपानी, कोरियन, चिनी यांच्याशी आपल्या शब्दांचा असा नियम लागत नाही.

आणि मामा, पापा यांसारखे शब्द तर पुराव्यात धरतच नाहीत. ते प्रत्येक पाळण्यात पुन्हा नव्यानं तयार होतात.

हाकेची किंमत

मराठीत मामाला मान मोठा. लग्नात भटजी पुकारतात तेव्हा मुलीला मंडपात आणायला मामाच लागतो. अंतरपाटाजवळ मामा मागं उभा. चंद्राला आपण चांदोमामा केलं. नाटककार भा. वि. वरेरकर यांना सगळा महाराष्ट्र मामा वरेरकर म्हणूनच ओळखतो. दुसऱ्या बाजूला शकुनी आहे, कंस आहे, आणि ‘मामा बनवला’ हा वाक्प्रचारही आहे. नोकरी लावतो म्हणून पैसे घेणारा एजंट, जमिनीचा व्यवहार अर्ध्यावर सोडणारा दलाल, यांनी या पट्ट्यात किती जणांना मामा बनवलं हे गावोगावी माहीत आहे.

म्हणजे एकाच मराठीत सुद्धा हा शब्द मानाचा आणि अपमानाचा असा दोन्ही आहे. फरक पडतो तो आवाजानं. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या रानात कारखाने उभे राहिले. कधी काळी बैलजोडी बाळगणारा माणूस आज कुठल्या तरी गेटवर गणवेश घालून उभा दिसतो. त्याला ‘ए मामा’ म्हणणं आणि ‘मामा, जरा गेट उघडता का?’ म्हणणं, यात शब्द एकच असला तरी अंतर फार आहे.

आता पोरं सगळ्यांनाच ‘अंकल’ म्हणायला लागली आहेत. काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळे एका पोत्यात. इंग्रजीला तेवढं चालतं, कारण त्यांच्या रीतीत या नात्यांची कामं वेगळी वाटलेली नाहीत. आपल्याकडं लग्नापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. म्हणून घरात तरी मामाला मामा म्हणायची सवय पोरांना लावावी.

आणि एखाद्या जर्मन पाहुण्यानं विचारलंच, की तुमच्याकडं पुरुषाला आई कसं म्हणतात, तर त्याला चाकणवरून जवळच असलेल्या आळंदीला घेऊन जावं. तिथं दाढीवाला वारकरी दुसऱ्या दाढीवाल्या वारकऱ्याच्या पाया पडतो आणि त्याला म्हणतो, ‘माउली’. ज्ञानेश्वरांनाही आपण माउलीच म्हणतो. तिथं मात्र खरंच पुरुषाला आई म्हटलेलं असतं, आणि ते सगळ्यांना कळतं.